पेशीतला जागल्या



मी कॉम्प्युटरची इंजिनिअर, पण आज बोलणार आहे शरीरातल्या एका प्रोग्रामबद्दल.

1896 साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे खानदेशातही पोहोचला. माणसं गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहायची. आपल्या असोद्याच्या बहिणाबाई तेव्हा ऐन तरुण होत्या. 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. हा जंतू एवढा घातक का, ते मात्र फार उशिरा, पेशीच्या आत डोकावल्यावर कळलं.

आपल्या पांढऱ्या पेशीत जनुकं हजारो, पण सगळी एकदम चालू नसतात. कोणतं कधी चालवायचं हे ठरवणाऱ्या प्रथिनांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. त्यांतलं एक, एनएफ-कॅपा-बी, 1986 मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधलं. एरवी ते केंद्रकाबाहेर दुसऱ्या प्रथिनाने बांधलेलं असतं. पेशीला जंतूची चाहूल लागली की बंधन तुटतं. मग ते केंद्रकात शिरून डीएनएवर बसतं आणि शेकडो जनुकं चालू करतं. ताप, सूज, जंतूशी लढाई, सगळं तिथून सुरू होतं. शेतावरच्या जागल्याने हाळी द्यावी, तसं.

प्लेगचा जंतू नेमका इथेच घाव घालतो. सुईसारख्या नळीतून तो आपली प्रथिनं पेशीत सोडतो आणि त्यांतलं एक ते बंधन तोडणारी यंत्रणाच निकामी करतं. चोर शेतात, आणि जागल्याचं तोंड बांधलेलं!

पण हाळी थांबलीच नाही तरी घातच. म्हणून एनएफ-कॅपा-बी जी जनुकं चालू करतं, त्यांतच त्याला परत बांधणाऱ्या प्रथिनाचंही जनुक असतं. चालू करण्याच्या हुकमातच बंद करण्याची सोय! आमवातात हीच हाळी विनाकारण चालू राहते. त्यावरची काही इंजेक्शनं ती दाबतात. म्हणून ती देण्याआधी डॉक्टर टीबीची तपासणी करतात, शरीरात दडून बसलेला जंतू डोकं वर काढू नये म्हणून.

आपण सगळे आता चाळिशी ओलांडलेले. ‘इम्युनिटी वाढवा’ असं लिहिलेला डबा घेण्याआधी एवढं आठवा: नुसतं वाढवून भागत नाही. जागल्याने वेळेवर ओरडावं आणि वेळेवर गप्प बसावं, यातच आपलं आरोग्य आहे.