शब्दांचा कस
(खामगाव येथील व्याख्यान)



खामगाव ही चांदीची पेठ. येथे जाणता ग्राहक दागिन्याची घडण पाहून थांबत नाही, कसही विचारतो. धर्मविषयक शब्दांचेही तसेच आहे. घडण ओळखीची असली तरी आशय निराळा असू शकतो.

‘ख्रिस्त’ हे येशूचे आडनाव नव्हे, ते बिरुद आहे. हिब्रू ‘मशीहा’ म्हणजे अभिषिक्त. त्याचेच हे ग्रीक भाषांतर. त्याचे मराठी अनुयायी स्वतःला ‘ख्रिस्ती’ म्हणवितात, हिंदी मुलखात ‘ईसाई’ शब्द रूढ आहे. कोकणीत येशू ‘जेजू’ होतो, मरियामाता ‘सायबीण’ होते. म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला लईराई देवीची बहीण मानून हिंदूही तेल वाहतात.

मराठीत या नामकरणाच्या दोन वाटा दिसतात. पहिली फादर स्टीफन्स यांची. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले आहे. जुनी पुराणे अंतरलेल्या नवख्रिस्तींना त्यांच्या जागी काही हवे होते. त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचा अंमल होता आणि १६८४ मध्ये लोकभाषाच टाकून देण्याचा हुकूम निघाला, हेही विसरता येत नाही. पुढे १८९५ साली ख्रिस्ती झालेले रेव्हरंड ना. वा. टिळक याच वाटेने गेले. त्यांनी येशूला अभंगात आळविले आणि ‘ख्रिस्तायन’ आरंभिले.

दुसरी वाट पंडिता रमाबाईंची. संस्कृतात पारंगत असूनही, १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या बायबल-भाषांतरात त्यांनी हिंदू आशयाचे संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले. नवा अर्थ जुन्या शब्दात बुडून जाईल, ही त्यांची चिंता होती.

ती निराधार नव्हती. अवतार युगायुगांत होतात. ख्रिस्ती श्रद्धेतील देहधारण एकदाच घडते. मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका; ‘तारण’ म्हणजे पापापासून सुटका. म्हणून शब्द सारखा दिसला की ‘सारे एकच’ म्हणणे हा आळस आहे, आणि परिचित शब्द दुसऱ्याच्या मुखी आला की त्यात कपटच पाहणे हा अन्याय आहे. टिळकांची मराठी उसनी नव्हती, ती त्यांची मातृभाषा होती.

शेजाऱ्याला त्याच्याच नावाने हाक मारावी, त्याच्या शब्दाचा अर्थ त्यालाच विचारावा आणि आपल्या शब्दाचा अर्थ आपल्याला ठाऊक असावा. मतभेद त्यानंतरही राहतील. पण ते जाणत्यांचे मतभेद असतील.