यंत्राचे आयुष्य आणि त्यातील संगणक

चेन्नई शहरातील आगगाडीची दोन मोठी स्थानके दीर्घकाळ दोन निराळ्या जगांची दारे होती. सेंट्रल स्थानकातून मुंबई, दिल्ली व कलकत्त्याकडे जाणाऱ्या गाड्या १,६७६ मिलिमीटर मापाच्या रुंद रुळांवरून धावत. एग्मोरहून दक्षिणेकडे निघणाऱ्या मुख्य मार्गाच्या गाड्यांसाठी रुळांमधील अंतर एक मीटर असे. स्थानके एकाच शहरात, एकमेकांपासून जवळच; परंतु एका मार्गावरचा डबा दुसऱ्या मार्गावर जाऊ शकत नसे. माल उतरवावा, पुन्हा चढवावा, आणि या खटाटोपात वेळ, पैसा व श्रम खर्च करावेत, हे क्रमप्राप्तच होते. डब्यांत दोष नव्हता, इंजिनांतही नव्हता. जेथे दोन वस्तूंची गाठ पडते, तेथील माप एक नव्हते, एवढीच काय ती उणीव. पुढे दक्षिणेतील मीटरमापी मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद करण्यात आले, तेव्हा ही अडचण दूर झाली.

आजच्या यंत्रांच्या पोटात दडलेल्या संगणकांचा विचार करताना हा रुळांचा धडा उपयोगी पडतो. संगणक म्हटला की टेबलावरील पडदा आणि कळफलक डोळ्यांपुढे येतो. तथापि जगातील बहुसंख्य संगणक असे दिसतच नाहीत. ते रुग्णालयातील श्वसनयंत्रात असतात, उद्वाहकात असतात, कारखान्यातील कातयंत्रात असतात, रेल्वेच्या डब्यात दारे उघडण्यासाठी व प्रवाशांना पुढील स्थानकाचे नाव दाखविण्यासाठी असतात. यांना अंतःस्थापित संगणक म्हणतात. त्यांचे काम एकच, पण ते बिनचूक व्हावे लागते. आणि यंत्र जितकी वर्षे चालेल तितकी वर्षे व्हावे लागते.

नेमका येथेच पेच आहे. चेन्नईच्या पेरांबूर भागातील इंटिग्रल कोच फॅक्टरी १९५५ साली सुरू झाली. त्याच कारखान्यातून २०१८ साली पुढे ‘वंदे भारत’ या नावाने ओळखली जाणारी गाडी बाहेर पडली. आधुनिक पोलादी डब्याचे आयुष्य ३५ वर्षांचे धरले जाते. उलट, त्यात बसविलेल्या प्रक्रियकाची चिप बाजारात दहा-पंधरा वर्षे मिळत राहिली तरी पुष्कळ झाले; स्मृतीच्या चिपा त्याहूनही लवकर पालटतात. म्हणजे एका डब्याच्या हयातीत संगणकाच्या दोन-तीन पिढ्या होऊन जातात. डबा सुदृढ, चाके शाबूत, आणि केवळ एक चिप मिळत नाही म्हणून सबंध नियंत्रणपेटी नव्याने बनवावी लागावी, हा तोटा कोणत्याही सार्वजनिक संस्थेस परवडणारा नाही.

या पेचातून वाट काढणारी रचना साधी आहे. संगणकाचे दोन भाग करावयाचे. प्रक्रियक, स्मृती आणि त्यांना लागणारा वीजपुरवठा तळहातावर मावेल अशा एका लहान फलकावर बसवावयाचा. याला मॉड्यूल म्हणतात. दुसरा मोठा फलक म्हणजे आधारफलक. त्यावर त्या त्या यंत्रास लागणाऱ्या खास गोष्टी असतात: संवेदकांच्या तारा, मोटारींची जोडणी, बाहेरील वीजपुरवठा. मॉड्यूल आधारफलकावरील खाचेत बसते. पुढे नवा प्रक्रियक हवा झाला, की मॉड्यूल काढून दुसरे बसवावे. आधारफलक, पेटी आणि तारा जागच्या जागी राहतात.

ही विभागणी सोयीची का, हे फलक घडविणाऱ्यास विचारावे. आधुनिक प्रक्रियकाच्या तळाशी झाळकामाचे शेकडो सूक्ष्म गोळे असतात. प्रक्रियक व स्मृती यांमधील तांब्याच्या रेषांची लांबी मिलिमीटरच्या अंशापर्यंत जुळवावी लागते. निरनिराळे विद्युद्दाब ठरलेल्या क्रमानेच सुरू व्हावे लागतात. आणि हे सारे सामावण्यासाठी फलकाचे आठ-दहा किंवा अधिक थर करावे लागतात. हे काम थोड्या तज्ज्ञ संस्थांनी एकदा करावे व पुष्कळांनी वापरावे, यातच शहाणपण आहे. आधारफलक त्या मानाने साधा, कमी थरांचा असतो. गिंडी किंवा अंबत्तूर येथील औद्योगिक वसाहतीत एखादा छोटा उद्योजक वर्षाकाठी शे-दोनशे यंत्रे बनवीत असेल, तर त्याचे खरे ज्ञान त्याच्या यंत्राविषयीचे असते. स्मृतीच्या रेषा जुळविण्यात त्याचे वर्ष खर्ची पडले, तर यंत्र सुधारण्यास उसंत राहत नाही.

परंतु नुसते दोन भाग केल्याने रुळांचा प्रश्न सुटत नाही. खाचेचे माप आणि तीमधील प्रत्येक टोकाचा अर्थ सर्वांनी एकच मानला पाहिजे. यासाठी उद्योगसंस्थांच्या मंडळांनी मानके ठरविली. पिकमिग या मंडळाने २००५ साली ‘कॉम एक्सप्रेस’ हे मानक स्वीकारले. २०१२ साली जर्मनीत स्थापन झालेल्या एसगेट या संस्थेने ‘स्मार्क’ हे मानक पुढे आणले. त्याचे लहान मॉड्यूल अवघे ८२ मिलिमीटर लांब व ५० मिलिमीटर रुंद असून त्याच्या कडेला ३१४ जोडबिंदू असतात. जेथे धक्के व कंप फार, तेथे खाचेऐवजी थेट झाळून बसवावयाच्या मॉड्यूलसाठी ‘ओएसएम’ हे मानक २०२० साली आले. मानक पाळणारा निर्माता एक असो वा दहा, त्यांची मॉड्यूले एकाच खाचेत बसतात. २०२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत जगभर चिपांचा तुटवडा पडला, तेव्हा या गोष्टीचे मोल कळून आले: ज्यांच्या यंत्रात प्रमाणित खाच होती, त्यांना दुसऱ्याचे दार ठोठावता येत होते.

या पद्धतीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. लाखोंच्या संख्येने एकच वस्तू बनवावयाची असेल, तर सर्व भाग एकाच फलकावर घेणे स्वस्त पडते. खाच व जादा फलक यांचा खर्च वाचतो. शिवाय मानकेही म्हातारी होतात. कॉम एक्सप्रेसच्या ‘टाइप २’ या जुन्या मांडणीत त्या काळच्या जोडण्या होत्या. नव्या ‘टाइप ६’ मांडणीत त्या काढून टाकल्या गेल्या आणि जुन्या आधारफलकांना नवी मॉड्यूले चालेनाशी झाली. लोकप्रियता म्हणजे मानक, असेही समजू नये. रास्पबेरी पाय या प्रसिद्ध संगणकाचे मॉड्यूल २०१४ साली निघाले, ते स्मृतीपट्टीच्या आकाराचे होते. २०२० साली त्याच निर्मात्याने आकार व जोडणी दोन्ही बदलली. एकाच निर्मात्याच्या हाती असलेले माप त्याच्या सोयीने बदलते. आणि शेवटची गोष्ट आज्ञावलीची. टोके जुळली तरी नव्या प्रक्रियकावर जुनी आज्ञावली आपोआप चालत नाही. तिचीही वेळीच सोय करावी लागते.

एकाच मापाच्या सांध्यामुळे दूरदूरची माणसे एकत्र काम करू शकतात, याचे बोलके उदाहरण चेन्नईतच घडले. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ‘शक्ती’ नावाची प्रक्रियकांची माला विकसित झाली. तिचा पाया ‘रिस्क-फाइव्ह’ हा खुला आज्ञासंच होय. अमेरिकेतील बर्कली येथे २०१० साली त्याचा आरंभ झाला, आणि तो वापरण्यास कोणाची परवानगी लागत नाही. या मालेतील ‘आयरिस’ ही चिप इस्रोच्या तिरुवनंतपुरम येथील जडत्व-प्रणाली केंद्राच्या सहकार्याने तयार झाली व फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यशस्वीपणे चालू झाल्याचे जाहीर झाले. आराखडा मद्रासच्या संस्थेत, चिपची घडण मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत, तिचे आवरण कर्नाटकात टाटा ॲडव्हान्स्ड सिस्टिम्सकडे, फलक गुजरातेत पीसीबी पॉवरकडे, आणि जुळणी पुन्हा चेन्नईत सिरमा एसजीएस या कंपनीत. प्रत्येक टप्प्यावर पुढच्यास काय द्यावयाचे हे ठरलेले असल्याखेरीज असा प्रवास शक्य नसतो.

आयरिस हे वर सांगितलेल्या अर्थाचे मॉड्यूल नव्हे. तरीही देशी प्रक्रियकांना उद्योगात शिरकाव मिळावयाचा असेल, तर प्रमाणित मॉड्यूल हे एक जवळचे दार आहे. रुग्णालयांत वा गाड्यांत जर प्रमाणित खाचेचे आधारफलक आधीच बसलेले असतील, तर उद्याचा स्वदेशी प्रक्रियक एका लहान फलकावर स्वार होऊन तेथे पोहोचू शकेल. त्यासाठी सगळे यंत्र नव्याने रचावे लागणार नाही.

हे घडणे किंवा न घडणे पुष्कळदा प्रयोगशाळेत ठरत नाही. ते खरेदीच्या कागदावर ठरते. निविदेत एखाद्या निर्मात्याच्या मालाचे नाव लिहिले, तर पुढील ३० वर्षे त्याच्या दारात उभे राहण्याचे करारपत्रच लिहून दिल्यासारखे होते. त्याऐवजी मानकाचे नाव व आवृत्ती लिहावी; आधारफलकाचे आराखडे खरेदीदाराच्या ताब्यात ठेवावेत; किमान दोन निर्मात्यांची मॉड्यूले त्याच यंत्रात चालवून पाहावीत; आणि जुने मॉड्यूल बंद होण्याची सूचना किती आधी मिळेल ते करारात घालावे. या चार ओळी लिहिण्यास फार विद्वत्ता लागत नाही, दूरदृष्टी मात्र लागते. ज्या डब्यास ३५ वर्षे धावावयाचे आहे, त्याच्या भावी संगणकांसाठी जागा तो रुळांवर येण्यापूर्वीच राखून ठेवावी लागते.