पिवळ्या वर्तुळाची भीती

आम्ही डोंबिवलीतल्या पाचजणी. दोघी बँकेत, एक शाळेत, एक घरी शिकवण्या घेणारी आणि पाचव्या आमच्या काकू, निवृत्त. तीन वर्षांपासून दर रविवारी सकाळी आम्ही धनुष्यबाणाचा सराव करतो. आजचं हे बोलणं पाचजणींनी मिळून लिहिलंय, वाचतेय फक्त एक.

बोलायचंय ते हाताच्या थरथरीबद्दल. आणि तिच्या थोरल्या बहिणीबद्दल, जिला तिरंदाज 'टार्गेट पॅनिक' म्हणतात.

आधी साधी थरथर. ती आम्हा सगळ्यांनाच होती आणि तिची कारणं अगदी घरगुती निघाली. पहिलं कारण, झेपत नसलेलं धनुष्य. धनुष्याचा जोर पाउंडात मोजतात. दोरी पूर्ण ओढल्यावर बोटांवर जेवढा भार येतो, तेवढे त्याचे पाउंड. आम्ही हौसेने सुरुवातीलाच 28 पाउंडांची घेतली होती. शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं, "ओढा, दहा आकडे मोजा, हळूच परत आणा." सातव्या आकड्याला खांदे कापायला लागले. मग निमूटपणे 20 पाउंडांवर आलो. थोडी लाज वाटली, पण निम्मी थरथर तिथेच गेली.

दुसरं कारण, रिकामं पोट. सगळ्यांचे डबे, नाश्ता उरकून आपण स्वतः फक्त दोन कप चहावर निघायचं, ही आपली जुनी सवय. हात कापणार नाहीत तर काय! आता आम्ही पोळीचा रोल किंवा केळं खाऊनच मैदानात उतरतो.

तिसरं कारण, श्वास कोंडून खूप वेळ धरून ठेवणं. जितका उशीर, तितकी थरथर वाढते. सहा-सात सेकंदांत बाण सुटला नाही तर दोरी सावकाश परत आणायची, श्वास घ्यायचा, पुन्हा ओढायची. बाण न लावता रिकामी दोरी मात्र कधी सोडू नका, धनुष्य मोडू शकतं.

एवढं करूनही हात दगडासारखा स्थिर होत नाही. तो कुणाचाच होत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये तिरंदाजांच्या हृदयाचे ठोके पडद्यावर दाखवत होते. जगातले उत्तम खेळाडू, उभे होते एका जागी, पण ठोके बरेचदा मिनिटाला शंभराच्या वर. जिवंत माणसाच्या हातातलं धनुष्य थोडं हलणारच.

आता काकूंची गोष्ट. आम्हाला या खेळात आणलं त्यांनीच, आणि आमच्यात सर्वांत चांगला नेम त्यांचाच. एका हिवाळ्यात त्यांचं काहीतरी बिनसलं. धनुष्यावरची साईट लक्ष्याच्या मधल्या पिवळ्या वर्तुळाखाली, लाल पट्ट्यात येऊन अडकायची. कितीही जोर लावला तरी हात वर जाईना. कधी चुकून पिवळ्यात गेलाच, तर त्याच क्षणी बोटं आपोआप उघडायची आणि बाण भलतीकडे. मैदानावरचं कुणी म्हणालं, "वय झालं आता." कुणी म्हणालं, "मन घट्ट करा." काकू हसल्या. पण पुढचे तीन रविवार आल्या नाहीत. चौथ्या आठवड्यात फोन आला, "माझं धनुष्य कुणाला हवं असेल तर देऊन टाका."

आम्हाला ते ऐकवेना. मनधरणी करून त्यांना एकदा मैदानावर आणलं. ताईंनी काय केलं, तर लक्ष्याचा कागदच काढून टाकला. समोर नुसता फोमचा ठोकळा, अंतर पाच पावलं. काकूंनी ओढलं आणि हात एकदम शांत! सलग दहा बाण, एकदाही अडकल्या नाहीत. म्हणजे दुखणं वयाचं नव्हतं, हाताचंही नव्हतं. ते त्या पिवळ्या रंगाशी जोडलं गेलं होतं.

कसं, ते लोकलच्या उदाहरणाने सांगतो. ठाण्याहून येताना दिवा मागे पडलं की आपले पाय दरवाजाकडे वळतात. कुणी सांगावं लागत नाही. तसंच हजारो वेळा पिवळं दिसताच बाण सोडला, की शरीर शिकतं : पिवळं दिसलं, सोड. मग ते आपल्याला न विचारता सोडतं. ते थांबवायला आपण हात आवळतो, तर तो पिवळ्याच्या अलीकडेच गोठतो. काही चांगल्या फिरकी गोलंदाजांचा चेंडू असाच अचानक हातातून सुटेनासा होतो. याला मनाचा दुबळेपणा म्हणू नये. शरीर एक गोष्ट जरा जास्तच चांगली शिकलेलं असतं.

अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. काकूंनाही फक्त पिवळं दिसत होतं, आणि तिथेच घोटाळा होता. त्यामुळे इलाज म्हणून आणखी नेम धरायचा नाही, काही दिवस नेम सोडूनच द्यायचा.

आम्ही पाचहीजणींनी काकूंसोबत तेच केलं. पावसाळा होता, मैदानात चिखल, त्यामुळे शेडमध्येच सराव. पहिले चार आठवडे पाच पावलांवरून, कागद नाही, गुण नाहीत. ताई बाजूला उभ्या असताना काही बाण डोळे मिटूनही. लक्ष फक्त पाठीकडे : दोन्ही खांद्यांची पाती एकमेकींजवळ येतायत का? बोटं मुद्दाम उघडायची नाहीत, ती सैल होऊ द्यायची. मग दोन आठवडे मोठा कागद लावला, पण बाण सोडायचा नाही. साईट पिवळ्यात आणायची, तिथे हलू द्यायची, तीन मोजायचे आणि उतरवायचं. पिवळं दिसलं तरी सोडायचं नसतं, हे शरीराला नव्याने शिकवायचं. नंतर तीनदा उतरवायचं, चौथ्यांदा सोडायचं. अंतर वाढवलं ते सर्वांत शेवटी, एकेका पावलाने. मध्येच अडकलं तर पुन्हा कोऱ्या ठोकळ्यावर. काकू दोनदा मागे आल्या. दुसऱ्यांदा खूप चिडल्या होत्या, पण धनुष्य विकायचं काही बोलल्या नाहीत.

आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी 2023 साली बर्लिनला 17व्या वर्षी कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली. अंतिम फेरीत 150 पैकी 149 गुण. पंधरा बाणांतले चौदा दहाच्या वर्तुळात, एक नवात. 50 मीटरवरून ते वर्तुळ असतं जेमतेम 8 सेंटिमीटरचं. तिच्याएवढी मजल आमची नाही. पण दर बाणाला तेच पाय रोवणं, तेच ओढणं, तोच श्वास, ही पद्धत मोठ्या खेळाडूंची असते तीच आपलीही असू शकते.

गेल्या हिवाळ्यात आमच्याच मैदानावर छोटीशी स्पर्धा झाली. काकूंनी नाव दिलं. पहिल्याच बाणाला त्यांनी ओढलं, आणि उतरवलं. पुन्हा ओढलं, पुन्हा उतरवलं. मागे कुजबुज झाली. घड्याळ चालू होतं. तिसऱ्यांदा ओढलं, साईट पिवळ्याभोवती हलत राहिली, काकूंनी ती हलू दिली आणि बाण गेला. आठ गुण. शेवटी त्यांचा नंबर मध्यावर कुठेतरी लागला. घरी परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, "दोनदा उतरवलं ना, तेच मला जमत नव्हतं गं."

भीती पूर्ण गेली का? नाही. अधूनमधून येते. आली की काकू स्वतःच कागद काढतात आणि पाच पावलांवर जाऊन उभ्या राहतात. आम्हीही त्यांच्याबरोबर जातो.

तर मैत्रिणींनो, हात थरथरतो म्हणून कुणी धनुष्य ठेवून दिलं असेल, तर ते पुन्हा बाहेर काढा. आधी काहीतरी खाऊन घ्या.