मांडीवरच्या संगणकाचा ताप



गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुतण्याचा लॅपटॉप ऐन परीक्षेत मंदावला. दुरुस्तीवाला म्हणाला, "म्हातारा झाला, नवा घ्या." पोरगा कर्ज काढायला निघाला! वास्तविक यंत्र नुसते तापले होते. प्रोसेसरचे तपमान १०० अंश सेल्सियसच्या आसपास गेले, की जळू नये म्हणून तो आपण होऊन वेग उतरवतो. मंदावणे हा रोग नव्हे, बचाव आहे.

मग उष्णता अडते कुठे? तांब्याच्या नळीतून ती पातळ पत्र्यांच्या जाळीपर्यंत येते आणि पंखा तिला बाहेर लोटतो. आमचे महाशय यंत्र गादीवर ठेवीत. खालची भोके बुजलेली, जाळीवर धुळीचा नमदा! तो काढला, चिप आणि तांबे यांमधला वाळलेला लेप बदलला.

तरीही भागले नाही, तर विंडोजमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करावी. एका टक्क्याने काय होणार, असे आपण म्हणाल. पण बऱ्याच इंटेल यंत्रांत तेवढ्याने टर्बो-वेग बंद होतो. त्या वेगाला व्होल्टेज अधिक लागते, आणि उष्णता तर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते!

कर्ज टळले. यंत्र आता आजीच्या लाकडी पाटावर बसते.