लॅपटॉपची पारख

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून पुष्कळजणींना वाटले असेल की, हा विषय आपला नव्हे, मुलांचा. मला तसे वाटत नाही. सोन्याच्या खालोखाल महाग अशी जी वस्तू आज आपल्या घरात येते, ती म्हणजे मुलामुलींच्या शिक्षणासाठी घेतलेला लॅपटॉप. त्यासाठी भिशी मोडते ती आपली, आणि हप्ते जातात ते आपल्या घरखर्चातून. मग पारख तेवढी मुलांवर आणि दुकानदारावर का सोडावी? मडके आपण वाजवून घेतो, साडी उजेडाकडे धरून पाहतो, तांदूळ तळहातावर घेऊन कणी किती ते बघतो. हीच नजर या नव्या वस्तूकडे वळवायची, एवढेच मला आज सांगायचे आहे.

माझी सारी नोकरी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या तपासणी खात्यात झाली. तेथे एक गोष्ट शिकले. वस्तूत उणेपणा दोन प्रकारचा असतो. एक दोष, म्हणजे जी जशी व्हायला हवी तशी ती झालेली नाही. दुसरा अपुरेपणा, म्हणजे ती जशी करायची तशीच केलेली आहे, पण आपल्या कामाला पुरत नाही. दोष असलेली वस्तू परत करता येते. अपुरेपणाबद्दल कोणाकडे दाद मागता येत नाही. तो घेण्यापूर्वीच ओळखावा लागतो. लॅपटॉपच्या पडद्यात दोष निघतो, आणि त्याच्या स्मृतीत अपुरेपणा. माझे सारे भाषण या दोन शब्दांभोवती आहे.

प्रथम ही वस्तू कोणती ते पाहू. पूर्वीचे लॅपटॉप जाडजूड असत. २००८ साली ॲपल कंपनीने ‘मॅकबुक एअर’ हा अतिशय पातळ लॅपटॉप आणला, आणि २०११ साली इंटेल कंपनीने अशा पातळ, हलक्या यंत्रांना ‘अल्ट्राबुक’ असे नाव दिले. पुढे पातळपणाची जणू शर्यतच लागली. आपल्या मुलींना हे यंत्र सोयीचे आहे यात शंका नाही. बदलापूरहून सकाळची लोकल पकडून ठाण्या-मुंबईच्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या पाठीवर एक किलो कमी झाले, तर ते थोडे नव्हे. पण पातळपणा फुकट मिळत नाही. त्याची किंमत दोन ठिकाणी द्यावी लागते : पडद्याच्या नाजूकपणात, आणि आतल्या जागेत.

आता पडदा. हा पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी आहे. एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. आज सर्रास मिळणाऱ्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा व निळा असे तीन उपठिपके. म्हणजे बासष्ट लाखांहून अधिक बारीक दिवे एका झाकणात बसवलेले असतात. त्यातला एखादा कधीच लागत नाही, तो काळा दिसतो. एखादा कधीच विझत नाही, तो अंधारात हिरवा किंवा तांबडा चमकत राहतो. आणखी एक दोष कडेचा. पडद्याच्या मागे उजेड असतो. तो चौकटीच्या फटीतून झिरपला की काळ्या चित्रावर कोपरे धुरकट पांढरे दिसतात.

एकही ठिपका बिघडलेला नको, असे आपल्याला वाटते. कारखान्याचे गणित मात्र निराळे असते. २००१ च्या आंतरराष्ट्रीय मानकात पडद्यांचे चार वर्ग केले होते. पहिल्या वर्गात एकही दोष चालत नव्हता. दुसऱ्या वर्गात दर दहा लाख ठिपक्यांमागे सतत पेटलेले दोन, सतत विझलेले दोन व उपठिपक्यांचे पाच दोष चालत. २००८ साली त्या मानकाची जागा नव्या मानकाने घेतली, पण वर्गांची ती कल्पना टिकून आहे, आणि अनेक कंपन्या आपापली मर्यादा स्वतः ठरवतात. म्हणून ‘एक ठिपका आहे’ अशी तक्रार नेली, की ‘तेवढे चालतेच’ असे उत्तर मिळू शकते. यावर उपाय एकच. पैसे देण्यापूर्वी विचारावे, ‘ठिपका निघाला तर बदलून द्याल का? किती दिवसांत?’ आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावे.

तपासणी सोपी आहे. दुकानातच खोका उघडायला लावावा व यंत्र सुरू करावे. पडदा पूर्ण काळा, मग पांढरा, मग तांबडा, हिरवा, निळा असा एकेका रंगाने भरावा. अशी पाच साधी चित्रे मुले मोबाईलवरही करून आणतात. काळ्यावर पेटलेला ठिपका व कोपऱ्यातला झिरपलेला उजेड दिसतो. पांढऱ्यावर विझलेला ठिपका व डाग दिसतात. दुकानातल्या झगझगाटात काळा पडदा नीट दिसत नाही, म्हणून घरी आल्यावर त्याच रात्री दिवे मालवून पुन्हा पाहावे. घरपोच मागवलेला असेल तर खोका फोडतानाचे चित्रण मोबाईलवर करून ठेवावे.

पहिल्याच दिवशी का, असे कोणी विचारील. पातळ झाकणावर दाब पडला की पडद्यावर पांढरे चट्टे उठतात, आणि आपल्या गाडीतली गर्दी आपल्याला ठाऊक आहे. पाठीवरच्या पिशवीत लॅपटॉपला लागून पाण्याची बाटली वा डबा असला, की अंबरनाथपासून कल्याणपर्यंतच्या रेटारेटीत पडद्याला मार बसतो. बटणांवर पेन किंवा कानातले यंत्र विसरून झाकण मिटले, तर पडदा तडकतोच. अशा मोडतोडीला साधी हमी लागू होत नाही. आठ दिवसांनी दोष दाखवला, तर ‘तुमच्याच हातून दाब पडला’ असे म्हणायला जागा राहते. पहिल्या दिवशी ती राहत नाही.

येथे माझ्या घरचेच उदाहरण सांगते. बदलापूरला माझी भाची आहे. स्थापत्याची पदविका शिकते. गेल्या वर्षी तिच्या आईने एका दुकानातून तिला पातळ लॅपटॉप घेऊन दिला. त्याच रात्री काळ्या पडद्यावर मधोमध एक हिरवा ठिपका दिसला, आणि डावा कोपरा तर चांदणे पडल्यासारखा उजळलेला. दुकानदार म्हणाला, ‘कंपनीकडे जा.’ कंपनीच्या केंद्रात म्हणाले, ‘मर्यादेत आहे.’ माझी बहीण गप्प बसली नाही. पावती, खोका, छायाचित्रे हे सारे तिने जपले होते. नवव्या दिवशी तिने दोन प्रतींत पत्र लिहिले, आणि एका प्रतीवर दुकानाचा शिक्का घेतला.

त्या पत्राला बळ कायद्याचे होते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष माल पावतीवरील मुदतीत, आणि पावतीवर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे, याला हा कायदा अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. पावती न देणे हीही अनुचित प्रथाच. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तेथे भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. वस्तू कोठेही घेतलेली असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. आपल्या तिन्ही गावांना म्हणजे ठाणे जिल्हा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते. बहिणीला तितके दूर जावे लागले नाही. हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर एकोणिसाव्या दिवशी दुसरा नग हाती आला. त्याचा पडदा निर्मळ होता.

दोषाचे निवारण झाले. पण सहा महिन्यांनी अपुरेपणा पुढे आला. अभ्यासक्रमात नकाशे काढण्याचे मोठे सॉफ्टवेअर सुरू झाले, आणि यंत्र अडखळू लागले. ‘रॅम वाढवून घेऊ,’ म्हणून मायलेकी उल्हासनगरला एका कारागिराकडे गेल्या. त्याने मागचे झाकण उघडून दाखवले आणि म्हणाला, ‘ताई, इथे जागाच नाही.’

ही रॅम म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगते. दुकानात ‘५१२ जीबी’, ‘८ जीबी’ असे दोन आकडे सांगतात आणि पुष्कळांचा घोटाळा होतो. ५१२ चा आकडा म्हणजे फडताळ, म्हणजे सामान ठेवण्याची जागा. ८ चा आकडा म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, म्हणजे प्रत्यक्ष काम चालते ती जागा. हीच रॅम, यंत्राची कामापुरती स्मृती. ओटा लहान असला, की एक पातेले फडताळात ठेवल्याशिवाय दुसरे काढता येत नाही, आणि सगळा वेळ ठेवाठेवीत जातो. यंत्र अडखळते ते यामुळेच. फडताळ कितीही मोठे असले, तरी ओटा त्याने वाढत नाही.

जुन्या जाड लॅपटॉपांत रॅमची पट्टी खाचेत बसवलेली असे. ती काढून मोठी घालता येई. पातळ यंत्रांपैकी अनेकांत रॅम मुख्य पाटीवरच झाळून टाकलेली असते. दुकानदार तिला सोल्डर केलेली किंवा ऑनबोर्ड म्हणतात. यात केवळ कंपनीची लबाडी आहे असे मी म्हणणार नाही. खाच गेली की जाडी कमी होते, आणि त्या जातीची रॅम वीजही कमी खाते. पण आपल्यापैकी ज्या जीन्सच्या शिलाईवर काम करतात, त्या चटकन समजतील : शिवणीत माया ठेवली नाही तर कपडा अंगाबरोबर वाढवता येत नाही. झाळलेली रॅम म्हणजे माया न ठेवता शिवलेला कपडा. वरून तो सुबक दिसेल. पण मूल वाढते, त्याचे शिक्षण वाढते, आणि कपडा तेवढाच राहतो.

म्हणून विचारायचा प्रश्न असा : ‘यात रॅम सगळी झाळलेली आहे, की खाच आहे? खाच असेल तर रिकामी आहे का, आणि जास्तीत जास्त किती रॅम चालते?’ काही यंत्रांत सगळी झाळलेली असते, काहींत अर्धी झाळलेली व एक खाच मोकळी, काहींत दोन खाचा. एकाच नावाखाली निरनिराळे नग विकले जातात. म्हणून नावावर न जाता नगाचा पूर्ण क्रमांक घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावे. विंडोजच्या यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली, की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’ पाहावी. ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘एसओडिम’ असेल तर ती बहुधा खाचेतली पट्टी. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर बहुधा झाळलेली. तेथे खाचांचा आकडाही दिसतो, पण झाळलेल्या रॅमलाही तेथे खाच म्हणून मोजलेले आढळते. म्हणून त्या एकट्या आकड्यावर विसंबू नये.

खाच असेल तर आज ८ जीबीवर भागवून पुढे वाढवता येते. मात्र पट्टी त्याच जातीची हवी. डीडीआर ४ च्या खाचेत डीडीआर ५ बसत नाही. यंत्र उघडल्याने हमी जाते का, हेही आधी विचारावे. खाच नसेल तर पहिल्याच दिवशी १६ जीबी घ्यावी, विशेषतः नकाशे, चित्रे वा आज्ञावली यांचे शिक्षण असेल तेव्हा. थोडे पैसे अधिक जातात खरे. २०२५ च्या उत्तरार्धात तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणकगृहांची मागणी वाढल्यामुळे रॅमचे भाव जगभर चढले. पण पैसे अधिक गेले तरी ती रॅम शेवटपर्यंत कामाला येते. अपुरे यंत्र मात्र दोन वर्षांत दुसरे घ्यायला लावते. आणखी एक उपाय उघडा आहे : दोन-चार मिलिमीटर जाड, पण खाच असलेले यंत्र घ्यावे. बारीकपणाच्या मोहापायी माया सोडू नये.

उद्योगालाही हा प्रश्न कळू लागला आहे असे दिसते. कमी वीज खाणारी रॅम स्क्रूने बसवता येईल अशी नवी पट्टी निघाली असून, २०२४ साली लेनोवो कंपनीच्या एका लॅपटॉपात ती आली. आपल्या सरकारनेही २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्कासंबंधी एक संकेतस्थळ सुरू केले. पण कंपन्या सुधारण्याची वाट पाहत आपल्या मुलांचे शिक्षण थांबत नाही.

‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, असा विनोद आपण सगळ्यांनी ऐकला आहे. फाळणीनंतर रिकाम्या हातांनी कल्याण कॅम्पात उतरलेल्या माणसांनी ही बाजारपेठ उभी केली. तेथे उघडून दुरुस्त करणारे हात पुष्कळ आहेत. पण जेथे खाचच नाही, तेथे त्या हातांनी तरी काय करावे?

भगिनींनो, १९७२ साली मुंबईच्या बायकांनी महागाईविरुद्ध लाटणी हाती घेतली. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली आणि घरांचे गट करून एकत्र खरेदी होऊ लागली. एकटीला जे विचारायला संकोच वाटतो, ते चौघी मिळून सहज विचारतात. म्हणून माझी मंडळाला विनंती आहे की, यंदा निकालांच्या दिवसांत ज्यांच्या घरी लॅपटॉप घ्यायचा असेल, त्यांची नावे एकत्र नोंदवावीत. प्रत्येक खरेदीला मंडळातील आणखी एक सभासद सोबत जावी. पाच रंगांचा पडदा दुकानात पाहावा, खाचेचे उत्तर पावतीवर लिहून घ्यावे, आणि खोका महिनाभर माळ्यावर जपावा. या कामात मी स्वतः यायला तयार आहे.