खर्चाच्या बाजूला लिहिलेला आवाज



संमेलनाध्यक्षानं आधी आभार मानावेत आणि मग रेडिओच्या भवितव्याची चिंता वाहावी, अशी रीत आहे. आभार मनापासून आहेत. भवितव्याबद्दल बोलायचं तर आपल्या उंबऱ्यापासून फार दूर, सॅन फ्रान्सिस्कोला, जावं लागेल. निवेदकाला घरी पाठवण्याचा प्रयोग तिथे इतका पायरीपायरीनं झाला आहे, की त्याचा अभ्यासक्रमच लावता येईल.

केजीओ हे तिथलं केंद्र १९२४ साली सुरू झालं. मध्यमलहरी, ८१० किलोहर्ट्झ, पन्नास हजार वॉट. रात्र झाली की त्याचा आवाज पॅसिफिकच्या किनाऱ्यानं दूरदूर जायचा. १९७८पासून जवळपास तीस वर्षं शहरात सर्वाधिक ऐकलं जाणारं केंद्र हेच होतं, आणि ते गाणी लावत नव्हतं. निवेदक विषय काढायचा, फोन घ्यायचा आणि शहर बोलू लागायचं. रे टॅलियाफेरो हा कृष्णवर्णीय निवेदक रात्री एक ते पहाटे पाच बोलायचा, तेही कित्येक वर्षं. त्या वेळेला कोण जागं असतं, हे आकाशवाणीत रात्रपाळी केलेल्यांना सांगायला नको. लेन टिलेम नावाचे वकील भरदुपारी लोकांच्या मृत्युपत्रांची आणि भाडेकरारांची भांडणं फुकटात सोडवायचे. जीन बर्न्स आठवडाभर राजकारणावर बोलायचे आणि शनिवारी खाण्यापिण्यावर. एरवी राजकारणाच्या चर्चांमध्ये बसून जेवणाच्या गप्पा मारणारा माणूस कुठल्याच वाहिनीला परवडत नाही. इथे तो वर्षानुवर्षं परवडला.

१ डिसेंबर २०११ रोजी यातल्या बहुतेकांना एका दिवसात नारळ मिळाला. सप्टेंबरमध्येच क्युम्युलस या कंपनीनं सिटाडेल ही कंपनी सुमारे २४० कोटी डॉलरला विकत घेतली होती आणि केजीओ तिच्याबरोबर आलं होतं. नव्या मालकानं गप्पा बंद करून जवळजवळ दिवसभर बातम्या सुरू केल्या.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. २००८पासून तिथे श्रोते मोजायची पद्धत बदलली. डायरीत आठवणीनं लिहिण्याऐवजी लोकांच्या खिशात आवाज टिपणारं यंत्र आलं, आणि केजीओची घसरण सुरू झाली. श्रोते वयानं वाढलेले. जाहिरातदारांना हवेत पंचवीस ते चोपन्नच्या वयातले. म्हणजे काहीतरी करणं भागच होतं. पण केलं काय, तर ज्यासाठी लोक केंद्र लावत होते तेच काढून टाकलं. गेलेला श्रोता बातम्यांसाठी परतला नाही; शहरात त्यासाठी केसीबीएस आधीपासून होतंच.

यामागचा खरा हिशेब कर्जाचा आहे. केजीओची मालकी बघा. डिस्नेनं आपली एबीसी रेडिओ केंद्रं २००७मध्ये सिटाडेलला दिली. त्या खरेदीच्या ओझ्याखाली सिटाडेलनं डिसेंबर २००९मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. मग क्युम्युलस आली, तीही नोव्हेंबर २०१७मध्ये त्याच न्यायालयीन दारात उभी राहिली. केंद्र विकत घेण्यासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज केंद्रानंच फेडायचं, आणि केंद्राकडे कापण्याजोगं असतं काय? मनोरा कापता येत नाही, वीजबिल कापता येत नाही. निवेदक, त्याचा निर्माता, फोन चाळणारा सहायक आणि तांत्रिक खोलीतला माणूस मात्र कापता येतात. चारचौघांच्या पगाराच्या जागी उपग्रहावरून येणारा राष्ट्रीय कार्यक्रम लावला, की तो बहुधा रोख पैशाविना मिळतो. मोबदल्यात केंद्र जाहिरातीची काही मिनिटं देऊन टाकतं. या सौद्यावरच रश लिंबॉ हे निवेदक १९८८पासून देशभर पोचले.

केंद्रांच्या अशा घाऊक खरेद्या शक्य झाल्या कायद्यामुळे. १९९६च्या दूरसंचार कायद्यापूर्वी एका मालकाला देशभरात चाळीस केंद्रांची मर्यादा होती. ती उठली आणि टेक्सासच्या क्लिअर चॅनल या कंपनीकडे काही वर्षांत बाराशेच्या वर केंद्रं जमा झाली. २००८मध्ये दोन गुंतवणूक कंपन्यांनी कर्ज काढून तिला ताब्यात घेतलं. त्याच वर्षी लिंबॉ यांच्याशी आठ वर्षांचा, सुमारे ४० कोटी डॉलरचा करार झाल्याच्या बातम्या आल्या. २० जानेवारी २००९ला बराक ओबामा शपथ घेत असताना या कंपनीनं १,८५० लोकांना कामावरून काढल्याचं जाहीर केलं. दिवस चांगला निवडला होता. त्या दिवशी दुसरी बातमी कोण वाचणार? इतकं करूनही हीच कंपनी, आयहार्टमीडिया या नव्या नावानं, मार्च २०१८मध्ये २० अब्ज डॉलरहून अधिक कर्जासह दिवाळखोरीत गेली. त्या अठराशे पन्नास पगारांनी वाचवलं काय, हा प्रश्न इथल्या हिशेबनिसांनीही वहीत लिहून ठेवावा.

माणूस नसलेल्या केंद्राचं काय होतं, याचं उदाहरण म्हणून नॉर्थ डकोटातल्या मायनॉटचं नाव नेहमी घेतलं जातं. १८ जानेवारी २००२च्या मध्यरात्रीनंतर तिथे मालगाडी घसरली आणि अमोनियाचा ढग गावावर आला. गावातली सहाही व्यावसायिक केंद्रं क्लिअर चॅनलची. पोलिसांनी फोन केले, ते कुणी उचलले नाहीत. कंपनीचं म्हणणं असं, की माणूस होता, पोलिसांनाच आणीबाणीची यंत्रणा वापरता आली नाही. वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण सहा केंद्रांच्या गावात मध्यरात्री एका माणसाच्या असण्यानसण्यावर वाद घालावा लागतो, इथेच बरंच काही कळतं.

याच्या उलटही घडलं आहे. २००५मध्ये कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्स बुडालं तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूएल हे केंद्र बोलत राहिलं. त्याची मालक एंटरकॉम आणि प्रतिस्पर्धी क्लिअर चॅनल यांनी काही काळ एकत्र प्रसारण केलं. गार्लंड रॉबिनेट या स्थानिक निवेदकाशी बोलताना महापौर रे नेगिन यांचा वॉशिंग्टनवरचा संताप उसळला आणि तो अमेरिकाभर ऐकला गेला. मोठी कंपनी म्हणजे राक्षस, असं सरसकट म्हणणं म्हणूनच खरं नाही. मात्र त्या दिवशी महापौरांचा फोन घ्यायला गावातला माणूस पगारावर होता.

केजीओचा शेवटचा अंक ६ ऑक्टोबर २०२२चा. मधल्या वर्षांत गप्पा परत आणून पाहिल्या होत्या. त्या दिवशी सकाळचा कार्यक्रम अर्ध्यावर थांबला, पैशांवरची गाणी वाजू लागली आणि काही दिवसांत केंद्र क्रीडा-सट्ट्याला वाहिलेलं झालं. गंमत पुढेच आहे. कॅलिफोर्नियात क्रीडा-सट्टा बेकायदा होता. तो कायदेशीर करावा म्हणून दोन प्रस्ताव मतदानाला होते आणि ८ नोव्हेंबरला मतदारांनी दोन्ही सपाटून पाडले. शहराशी अठ्ठ्याण्णव वर्षं बोललेल्या केंद्राला शहराचं मन महिनाभर आधीही कळलं नाही. विचारायला कुणी निवेदक उरलाच नव्हता.

माणसाऐवजी आता यंत्राचा आवाजही स्वस्तात मिळतो. ऑक्टोबर २०२४मध्ये पोलंडच्या ऑफ रेडिओ क्राकोव्हनं पत्रकारांना निरोप देऊन कृत्रिम निवेदक बसवले आणि त्यांतल्या एकीनं २०१२मध्ये वारलेल्या कवयित्री विस्लावा शिंबोर्स्का यांची ‘मुलाखत’ घेतली. लोक इतके खवळले, की आठवडाभरात प्रयोग गुंडाळावा लागला. साहित्यिकांनी लक्षात घ्यावं: यापुढे मुलाखत टाळण्यासाठी मरणंही पुरेसं नाही.

आपल्याकडे गप्पांचा असा रेडिओ वाढलाच नाही, कारण खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. एफएम विस्ताराच्या तिसऱ्या टप्प्याच्या २०११च्या धोरणानं आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी लावण्याची तेवढी सोय दिली. त्याच धोरणानं एक कार्यक्रम आपल्या देशभरच्या केंद्रांवर एकदम लावण्याचीही मोकळीक दिली. मायनॉटकडे जाणारा रस्ता असा कागदावर आहेच. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २३४ नव्या शहरांसाठी ७३० वाहिन्यांचा लिलाव मंजूर केला, तो मातृभाषेतल्या स्थानिक कार्यक्रमांना चालना मिळावी म्हणून. हेतू चांगला. पण स्टुडिओत स्थानिक माणूस किती तास बसेल, हे परवान्यात लिहिलं नाही तर हेतू निवेदनपत्रातच राहतो. अमेरिकेत गावात मुख्य स्टुडिओ असलाच पाहिजे असा दशकांचा नियम होता. २०१७मध्ये तोही उठवला गेला.

आकाशवाणीचं काय? जून २०२३मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्रं छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा आदेश निघाला. पुणेकर बोलले, राजकीय पक्ष बोलले आणि आदेश स्थगित झाला. नैमित्तिक निवेदकांच्या बाबतीत असा आवाज कधी उठत नाही, कारण त्यांना काढावं लागत नाही. पुढच्या महिन्याच्या पाळ्या लावल्या नाहीत की झालं. त्यांच्या पाळ्या लेखी ठरलेल्या मुदतीच्या असाव्यात, आणि नव्या एफएम परवान्यांत रोजच्या थेट स्थानिक प्रसारणाचे किमान तास नमूद असावेत, असे दोन ठराव दुपारच्या सत्रात मांडले जातील. पहिल्याला प्रसार भारतीकडून पैसे नसल्याचं उत्तर येईल, दुसऱ्याला खासगी कंपन्यांकडून तेच येईल. त्या वेळी क्युम्युलस आणि आयहार्टमीडियाचे कर्जाचे आकडे ठरावाला जोडलेले असावेत, एवढी सूचना करून हे अध्यक्षीय भाषण चर्चेसाठी सभागृहाच्या हवाली करण्यात येत आहे.