वणव्याची वर्दी मोबाईलवर



होळीच्या आगेमागे डोंगरावरचे गवत खडखडीत वाळते आणि वणव्याचे दिवस सुरू होतात. वणव्यात नुसते रान जळत नाही. गवताच्या गंजी, आंबा-काजूची कलमे, गोठे सगळे त्याच्या तोंडी जाते. उघडी पडलेली माती पहिल्या पावसात वाहून जाते. म्हणून आगीची खबर वेळेवर मिळाली पाहिजे.

देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने वणव्यांवर लक्ष ठेवते आहे. उपग्रहावरचे यंत्र जमिनीची उष्णता टिपते. आजूबाजूपेक्षा एखादी जागा फार तापलेली दिसली, की तिथले अक्षांश-रेखांश काढून वनखात्याला मोबाईलवर संदेश जातो. हा संदेश गावकऱ्यांनाही मिळतो. संस्थेच्या संकेतस्थळावर नाव आणि मोबाईल नंबर नोंदवायचा. पैसे पडत नाहीत. आपल्याला जमत नसेल तर गावातल्या शिकलेल्या मुलाकडून नोंदणी करून घ्या.

आता उपग्रहाची मर्यादाही समजून घ्या. बारकाईने टिपणारे उपग्रह आपल्यावरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. तीन वाजता लागलेली आग त्यांना रात्रीच दिसणार. तोवर डोंगर जळून जाईल. शिवाय त्यांच्या नजरेतला एक चौकोन ३७५ मीटर बाजूचा, म्हणजे सुमारे ३५ एकरांचा असतो. त्यात आग नेमकी कुठे आहे ते कळत नाही. तेव्हा संदेश आला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. पहिला धूर दिसतो तो गुराख्याला आणि शेतकऱ्यालाच.

मग करायचे काय?

१. गावातल्या चार-पाच जणांचे नंबर नोंदवा. वनरक्षकाचा नंबर प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ठेवा.

२. धूर दिसताच वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. गाव, डोंगराचे नाव आणि वाऱ्याची दिशा सांगा.

३. मोबाईलमधला जीपीएस रेंज नसली तरी चालतो. अक्षांश-रेखांशाचे आकडे कागदावर उतरवून घ्या आणि रेंज मिळेल तिथून कळवा.

४. उन्हाळ्यापूर्वीच गोठ्याभोवती आणि गंजीभोवती गवत कापून पट्टा स्वच्छ करा.

५. विझवायला एकट्याने जाऊ नका. अंगात सुती कपडे असू द्या. हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपा. आगीच्या वरच्या अंगाला उभे राहू नका, कारण आग चढावर झपाट्याने धावते.

काही जण म्हणतात, "साहेब, गवत पेटवलं की पुढच्या साली चांगलं फुटतं." पण त्या पेटवलेल्या काडीनेच शेजाऱ्याची बाग जाते. राखीव जंगलात आग लावणे १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. बांधावरचे गवत कापा. पाचट न जाळता सरीत कुजवा, जमिनीला खत होईल.

उपग्रह दाखवील, मोबाईल कळवील, पण धावून जायचे ते गावानेच. येत्या ग्रामसभेत हा विषय काढा आणि नंबर नोंदवूनच घरी जा.